तीन फासे आणि १०१ लाख कोटी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सची शिकागोतली विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेली. घरात बायको आणि पाच मुलं. पोटासाठी त्यानं तळघरात बूट दुरुस्तीचं काम सुरू केलं आणि उरलेल्या वेळात तो युद्धाचे खेळ रचत बसायचा. मग डेव्ह आर्नेसन नावाच्या गड्यानं त्याला एक भलताच खेळ दाखवला. पटावर फौजा हलवायच्या नाहीत, प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं आणि भुयारात शिरायचं! दोघांनी मिळून तो वाढवला. प्रकाशक मिळेना, तेव्हा गायगॅक्सनं बालमित्र डॉन के याच्याबरोबर स्वतःचीच कंपनी काढली. केनं आपल्या विमा पॉलिसीवर हजार डॉलर उचलले. म्हणजे विम्यानं नोकरी नेली आणि विम्यानंच भांडवल दिलं.

जानेवारी १९७४. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या त्यांच्या खेळाची १,००० खोकी बाजारात आली. किंमत १० डॉलर. तेव्हाचा डॉलर साधारण आठ रुपयांचा, म्हणजे सगळा माल मिळून ८० हजार रुपयांचा. तो खपायला जवळजवळ वर्ष लागलं.

आता २५ वर्षं पुढे चला. हा खेळ ज्या कंपनीकडे आला होता ती १९९९ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं सुमारे ३२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तेव्हाच्या भावानं जवळपास १,४०० कोटी रुपये! (त्यात त्या कंपनीचे इतर खेळही आले, हे खरं. पण तरी!) ८० हजार कुठे आणि १,४०० कोटी कुठे? पावणेदोन लाख पट. मधल्या काळात रुपया घसरला म्हणाल, तर डॉलरात मोजा. तरीही साडेबत्तीस हजार पट.

माणसं मोजू. १९६८ साली गायगॅक्सनं गावातलं एक सभागृह ५० डॉलर भाड्यानं घेऊन खेळाडूंचा मेळावा भरवला. आले शंभरेक जण. त्याच ‘जेन कॉन’ला २०२३ साली ७० हजारांवर माणसं आली. वानखेडे स्टेडियम दोनदा भरा, तरी काही हजार लोक गेटबाहेर ताटकळत राहतील.

आणि एकूण खेळाडू? कंपनीच म्हणते, आजवर ५ कोटींहून अधिक. ५ कोटी माणसं डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून त्यांना लोकलमध्ये बसवू. बसवू कसलं, कोंबू! गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार धरा. म्हणजे १०,००० लोकल. एकेक गाडी अडीचशे मीटरची. सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग २,५०० किलोमीटरची. मुंबई-पुणे रेल्वेमार्ग १९२ किलोमीटरचा. तेव्हा मुंबईहून पुण्याला जायचं, परत यायचं, असं सहा वेळा करायचं आणि सातव्यांदा पुण्याला पोचायचं. तेव्हा कुठे शेवटचा डबा दिसेल.

गायगॅक्सनं कादंबऱ्याही लिहिल्या. गॉर्ड नावाच्या भामट्याची मालिका, १९८५ ते १९८८ मध्ये सात पुस्तकं. कादंबरीकार म्हणून तो मला बेताचाच वाटतो. पण शेवट मात्र झक्कास! कंपनी हातातून गेली, तिच्याबरोबर त्यानं रचलेल्या जगाचे हक्कही गेले, तेव्हा गड्यानं शेवटच्या पुस्तकात ते अख्खं जगच नष्ट करून टाकलं.

मात्र सात पुस्तकांतून एक गॉर्ड उभा राहतो. पहिल्या खोक्यातल्या नियमांतून किती वीर उभे राहतात? इथे जरा टेकून बसा.

वीराचे सहा गुण: ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई, छाप. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे. बेरीज ३ ते १८, म्हणजे १६ शक्यता. सहा गुणांच्या मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६! २०११च्या जनगणनेतल्या सव्वा कोटी मुंबईकरांना एकेक वेगळा वीर वाटा. मग ३१ लाख पुणेकरांना वाटा. तरी १२ लाख शिल्लक. शिवाय वीर तीन प्रकारचे: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. गुणा तीननं. ५ कोटी ३ लाख! म्हणजे त्या १०,००० लोकलमधल्या प्रत्येकाच्या हातात एक वीर, आणि कुणाचाही दुसऱ्यासारखा नाही.

आता खरी गंमत. सहाही गुणांत १८ पडायला काय लागेल? तीन फाशांवर तिन्ही सहा, २१६ मध्ये एकदा. असं दान लागोपाठ सहा वेळा पडायला हवं. हा योग १०१ लाख ५५ हजार ९९५ कोटी ६६ लाख ६८ हजार ४१६ मध्ये एकदा!

मिनिटाला एक वीर घडवत बसलात, तर सरासरी १९ कोटी वर्षं. डायनोसॉरच्या काळात बसायला हवं होतं. बरं, एकटे नको, १४० कोटी भारतीय बसू. मिनिटाला एकेक वीर, झोप नाही, जेवण नाही. तरी ५० दिवस, तेही एका वीरासाठी! प्रत्येक प्रयत्नाला एक रुपया घेतला तर १०१ लाख कोटी रुपये जमतील. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटींचा होता, म्हणजे देश दोन वर्षं चालेल. प्रत्येक प्रयत्नामागे १६ मिलिमीटरचा एकच फासा विहिरीत टाकला, तर पाच मीटर रुंद, दहा मीटर खोल अशा २१ लाख विहिरी तुडुंब. पाण्याच्या हिशेबात हे जवळपास १५ टीएमसी होतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसीची. पुण्याची चारही धरणं फाशांनी निम्मी भरली!

गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच वारला. तुमच्या सापशिडीच्या डब्यात एक तरी फासा असेलच. तो अठरा वेळा टाका. अठराही वेळा सहा पडले, तर फासा आधी नीट तपासून घ्या.