लेकरू घरातून निघून गेले तर?

साताऱ्यात असताना बाल भीमरावांच्या मनात घर सोडून मुंबईला जायचे आले होते. गिरणीत काम मिळते, असे त्यांच्या कानावर होते. भाड्यासाठी आत्या मीराबाईंचा बटवा काढायचा म्हणून त्यांनी काही रात्री जागून काढल्या. बटवा हाती आला, आणि त्यात निघाला अर्धा आणा! तेवढ्यात मुंबई कुठली? मग त्यांनी अभ्यासाकडे मन वळवले. ही आठवण खुद्द बाबासाहेबांची. झरीच्या आयाबहिणींनी ती लेकरांना जरूर सांगावी, पण आधी आपण ऐकावी. घर सोडायचे मनात आणणारे पोर वाया गेलेलेच असते असे नाही.

आज झरीहून परभणी आणि परभणीहून मुंबईची गाडी, एवढेच अंतर आहे. पोर दिसेनासे झाले की आपण आधी पाहुण्यारावळ्यांकडे शोधतो. 'पोलिसांत गेलो तर गावभर होईल' म्हणून दोन-तीन दिवस जातात. आम्हाला हेच सर्वांत घातक वाटते. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या खटल्यात बजावले, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवा आणि मूल पळवले गेले असे धरूनच तपास करा. 'चोवीस तास वाट बघा' असे कायद्यात कुठेही नाही. हद्दीची सबबही चालत नाही.

घर सोडणारे मूल गुन्हेगार नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. मूल परत देण्याआधी समिती घरची चौकशी करते. दारू पिऊन हात उचलणाऱ्या बापांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आईबापाचे दुःख धम्माला ठाऊक नाही असे नाही. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने तथागतांपाशी मन मोकळे केले आणि आईवडिलांच्या संमतीवाचून मुलाला संघात घ्यायचे नाही, हा विनयाचा नियम झाला.

मुलगी मुलाबरोबर गेली तर गोष्ट अवघड होते. वरदराजन खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की सज्ञान व्हायला आलेली, समजूतदार मुलगी आपणहून आली तर तिला 'नेले' असे होत नाही. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ च्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत. मुलगी वरच्या म्हणवणाऱ्या जातीची असली, तर आपल्या पोरावर पहिले कलम हेच लागते. आधी पळवून नेण्याच्या कलमात मुलाचे वय १६ आणि मुलीचे १८ धरत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये दोघांनाही १८ आहे. म्हणून शाळेचा निर्गम उतारा घरात असू द्या, वयाच्या वादात त्याची मदत होऊ शकते.

अलीकडचा एक फोटोही जवळ ठेवा. १०९८ या नंबरावर रात्री-अपरात्री फोन लागतो, पैसे पडत नाहीत. मूल स्वतःही तो फिरवू शकते.