उमेद आणि तजवीज : लेखांक ५

ध्येय अर्ध्यावर सुटले की इच्छाशक्ती कमी पडली, असे सर्रास म्हटले जाते. ब्रिटनमधील सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून वेगळेच चित्र दिसते. त्यात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. पहिल्या गटाला व्यायामाविषयी काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे सांगणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याने तोच मजकूर वाचला आणि शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार तेही लिहून दिले. पहिल्या गटात ३८ टक्के जणांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ९१ टक्के जणांनी. मजकूर वाचून दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, पण व्यायाम काही वाढला नाही.

म्हणून इच्छा बिनमहत्त्वाची ठरत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार बक्षिसासाठी किंवा धाकापोटी धरलेल्या ध्येयापेक्षा स्वतःला पटलेले ध्येय जास्त टिकते. रोजचे काम रटाळ असले तरी चालते, ते कशासाठी करायचे हे पटलेले असले म्हणजे झाले.

सवयीला वेळही द्यावा लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. निवडलेली कृती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६. (एकवीस दिवसांत सवय लागते, हा लाडका समज इथेच मोडीत निघतो.) एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले.

दिवसाऐवजी वर्षांचा खंड पडला तर मात्र सवयीचा उपयोग संपतो. अशा वेळी काय लागते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधील शिक्षणात दिसते. ही हकिकत सहसा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. तारखा लावून पाहिली तर जिद्दीइतकीच तीत तजवीज आहे. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. दार उघडे राहिले आणि त्याला मुदतही पडली.

आता प्रश्न पैशांचा होता. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करताना त्यांनी पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली. त्यात छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या कर्जाची भर घालून ते १९२० मध्ये, मुदतीच्या आत, लंडनला परतले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बैठक आणि रात्री खोलीवर भाजलेले पापड, अशी त्यांची दिनचर्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. मुंबईत त्यांच्या पत्नी रमाबाई ओढगस्तीत संसार चालवत होत्या. या सगळ्या तजविजीतला तो वाटा हिशेबात क्वचितच धरला जातो.

१९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, पण परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तोवर पैसे संपत आले होते. लंडनला थांबणे परवडणारे नव्हते. त्यांनी १९२३ मध्ये मुंबईला परतून प्रबंध नव्याने लिहिला आणि तिथूनच पाठवला. त्याच वर्षी तो मान्य होऊन डी.एस्सी. मिळाली. लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने तो ग्रंथरूपात काढला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची होती, आणि लेखकाची बरीच मते आपल्याला मान्य नाहीत हे त्यांनी तीत मोकळेपणाने लिहून टाकले.