विश्लेषण : हलके फ्लायव्हील, कार्बनचा शाफ्ट… स्पोर्ट्स कारवरचा हा खर्च वसूल होतो का?

वर्सोव्यात जे. पी. रोडवर मेट्रोच्या खांबांशेजारून रांगणाऱ्या वाहनांत एखादी दोन दारांची स्पोर्ट्स कार दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा गाडीच्या मालकाला पुढचा मोह पडतो तो हलक्या सुट्या भागांचा. हलके फ्लायव्हील, कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट, फोर्ज्ड चाके बसवा, गाडी ‘उडेल’, असे सांगितले जाते. खरेच तसे होते का?

फिरणारे वजन वेगळे का मोजतात?

सीट किंवा काच इंजिनाला फक्त पुढे न्यायची असते. फ्लायव्हील मात्र पुढेही न्यायचे आणि गरागरा फिरवायचेही. त्यामुळे फिरणाऱ्या भागातला एक किलो इंजिनाला अनेक किलोंसारखा जाणवू शकतो. किती, ते दोन गोष्टींवर ठरते : भाग किती वेगाने फिरतो आणि त्याचे वजन मध्यापासून किती दूर आहे.

फ्लायव्हीलने किती फरक पडतो?

एक साधा हिशेब करू. फ्लायव्हीलमधून ४ किलो कमी केले आणि ते वजन मध्यापासून सरासरी १० सेंटीमीटरवर होते असे धरू. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन साधारण १५ फेरे मारते. तेव्हा या चार किलोंचा परिणाम गाडी ९० किलोंनी हलकी केल्यासारखा होतो. दुसऱ्या गिअरमध्ये तो ३०-३५ किलोंवर येतो आणि टॉप गिअरमध्ये जेमतेम चार-पाच किलो उरतो. म्हणजे सिग्नल सुटताना फरक जाणवतो, कोस्टल रोडवर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत एका लयीत जाताना जवळपास नाहीच. टॉप स्पीड तर अजिबात वाढत नाही.

डायनो चाचणीत ‘पॉवर वाढली’ असा कागद दाखवला जातो. त्यात लबाडी असतेच असे नाही. अनेक डायनो गाडीचा वेग वाढवत ताकद मोजतात. हलके भाग फिरवायला कमी ताकद खर्ची पडते, म्हणून चाकांवरचा आकडा वाढतो. इंजिन होते तेवढेच असते.

मग तोटा कोणता?

फ्लायव्हील जड ठेवण्यामागे कारण आहे. सिलिंडरमधले धक्के ते पचवते आणि कमी फेऱ्यांवर इंजिन चालू ठेवते. हलके बसवले की क्लच सोडताना गाडी बंद पडण्याची शक्यता वाढते. सात बंगल्याहून अंधेरी स्टेशनपर्यंत संध्याकाळी हाफ क्लचवर जाणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मूळचे ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध बसवले तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाटही ऐकू येतो.

शिवाय भारतात विकल्या गेलेल्या अनेक स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक आहेत. येथे आलेली फोर्ड मस्टँग जीटी त्यातलीच. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत असे फ्लायव्हील नसतेच, त्यामुळे बदलणार काय?

कार्बनच्या शाफ्टचे काय?

दिसायला देखणा, कामाला किरकोळ. शाफ्ट बारीक असतो, म्हणजे वजन मध्याजवळच. शिवाय तो इंजिनापेक्षा सावकाश फिरतो. पाच किलो वाचवले तरी फिरण्यातून मिळणारा जादा फायदा सुमारे एका किलोइतकाच. एकूण झाले सहा. ५० लिटरची टाकी अर्धी रिकामी झाली तरी गाडी १८ किलोंनी हलकी होते. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२च्या ऑटो एक्स्पोत झळकली. तिचे इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांजवळ होते. अशा रचनेत लांब प्रोपेलर शाफ्ट लागतच नाही.

चाकांचा हिशेब बरा आहे. प्रत्येकी तीन किलो कमी झाले तर १२ किलो प्रत्यक्ष आणि फिरण्याचे धरून २० किलोंच्या आसपास. सस्पेन्शनलाही खड्ड्यांवर चाक सांभाळणे सोपे जाते. पण स्वस्त, ओतीव, हलकी चाके त्याच खड्ड्यांत तडकतात. घ्यायची तर फोर्ज्डच. मॅग्नेशियमची चाके समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत न घेतलेली बरी. आणि क्रँकची हलकी पुली कोणी सुचवली तर सरळ नकार द्यावा. अनेक इंजिनांत मूळ पुलीतच कंपने शोषणारा डॅम्पर असतो. तो गेला की क्रँकशाफ्टवर बेतते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. फ्लायव्हीलच्या वजनाचा रकाना आरसीवर नसतो. मात्र बदल विमा कंपनीला न कळवल्यास दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो आणि वॉरंटीवरही पाणी सोडावे लागू शकते.

बसवायचेच असेल तर कधी?

मॅन्युअल गाडी कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर नियमित नेणाऱ्याला हलक्या फ्लायव्हीलचा उपयोग आहे. गिअर उतरवताना इंजिनाचे फेरे झटकन जुळतात. त्याने क्लच झिजेपर्यंत थांबावे. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा फ्लायव्हीलसाठी वेगळी मजुरी जवळपास पडत नाही. बाकीच्यांनी आधी चांगले टायर आणि ब्रेक पॅड पाहावेत.