पेशीतली पाठराखीण

मैत्रिणींनो, भुसावळचा मे महिना मी तुम्हांला काय सांगावा! पारा पंचेचाळिशीला टेकलेला, गच्चीवर शेवया वाळताहेत आणि घरात पिकल्या केळ्यांवर चिलटं घोंघावताहेत. ऊन, शेवया, चिलटं, तिन्ही आजच्या विषयात आहेत. शिवाय एकाच भाजीला दोनदा मीठ घालू लागलेल्या तुमच्या सासूबाईही.

आपलं शरीर प्रथिनांवर चालतं. प्रथिन म्हणजे एक लांब धागा. त्याची ठरावीक घडी पडली तरच तो कामाचा. घडी चुकली की धागे एकमेकांना चिकटतात. उकडलेल्या शेवयांना तूप लावायचं राहिलं तर गोळा होतो ना, तसंच! या चिवट गोळ्याला अ‍ॅमिलॉइड म्हणतात. १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी विस्मरणानं ग्रासलेल्या एका बाईच्या मेंदूत जे साठे दाखवले, ते याचेच.

मग असं सर्वांनाच का होत नाही? कारण पेशीत पाठराखणी असतात. लेक पहिल्यांदा सासरी निघाली की सोबतीला पाठराखीण जाते. संसार तिला करायचा नसतो, लेक बावरू नये एवढंच पाहायचं असतं. तशी काही प्रथिनं नव्या धाग्याला घडी पडेपर्यंत सांभाळतात, भलत्याला चिकटू देत नाहीत. इंग्रजीतलं त्यांचं 'शॅपेरॉन' हे नावही तरुण मुलीसोबत जाणाऱ्या पोक्त बाईवरूनच आलं.

त्यांचा माग लागला तो चिलटांमुळे. इटलीत फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत चिलटांच्या पेटीची उष्णता कुणीतरी चुकून वाढवली, तर गुणसूत्रांवर भलतेच फुगवटे दिसले. १९६२ मध्ये त्यांनी ते छापलं. पुढे उलगडा झाला, की उष्णतेनं घड्या मोडू लागल्या की पेशी पाठराखणींची जादा कुमक बोलावते. आपल्या केळीच्या बागाही उन्हात हेच करतात. (म्हणून सासूबाईंना उन्हात बसवू नका हो!)

वय वाढलं की ही कुमक अपुरी पडू लागते. काचेच्या नळीत पाठराखणी घातल्या की अ‍ॅमिलॉइडचा गुंता सावकाश होतो, हे दिसलेलं आहे. मग औषध का नाही? कारण कर्करोगाच्या पेशीही याच पाठराखणींच्या जोरावर तगतात. त्या सरसकट वाढवणं धोक्याचं. हृदयाच्या एका अ‍ॅमिलॉइड विकारावर मात्र टफामिडिस हे औषध आलं आहे. अमेरिकेत २०१९ पासून त्याला मंजुरी आहे. एका प्रथिनाला ते विस्कटू देत नाही. काम पाठराखणीचंच!

अल्झायमरसाठी असं औषध अजून नाही. तेव्हा स्मरणशक्तीच्या महागड्या बाटल्यांवर घरखर्चातले पैसे घालवू नका. 'वय झालं' म्हणून सोडूनही देऊ नका. आधी डॉक्टरांकडून बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यातलं विसरणं उपचारानं सुधारू शकतं. रक्तदाब, साखर ताब्यात ठेवा. आणि कपाटात पडलेलं ते कानाचं यंत्र त्यांना लावायला लावा. नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला विस्मरणाचा धोका जास्त असतो.