वर्गातला हक फिन

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत इंग्रजीचा तास म्हणजे पाठ्यपुस्तकातील आठ पानांचा उतारा, कठीण शब्दांचे अर्थ आणि परीक्षेपुरते संदर्भासहित स्पष्टीकरण, असा प्रकार सहसा नसतो. तेथे विद्यार्थ्याच्या हाती अख्खी कादंबरी दिली जाते. ती काही आठवडे वर्गात आणि घरी वाचली जाते, तिच्यावर वाद झडतात, निबंध लिहिले जातात. गाइडांच्या आधारावर साहित्य शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहता या पद्धतीचा आम्हांस हेवा वाटतो, हे कबूल केलेच पाहिजे. पण अख्खे पुस्तक वाचावयाचे म्हणजे त्यातील काटेही वाचावयाचे. आणि ते काटे वर्गातील सर्वच मुलांना सारखे टोचत नाहीत. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या कादंबरीवरून तेथे गेली कित्येक दशके जो वाद चालू आहे, त्याचे मूळ येथे आहे.

ही कादंबरी इंग्लंडात डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली. दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला हक नावाचा पोरगा आणि मालकिणीकडून पळालेला जिम नावाचा काळा गुलाम मिसिसिपी नदीतून तराफ्यावर बसून दक्षिणेकडे वाहत जातात, एवढीच कथा. ती सांगतो खुद्द हक, आपल्या गावंढळ, अशुद्ध भाषेत. हेमिंग्वेने आधुनिक अमेरिकन साहित्याचा उगम या एका पुस्तकात पाहिला, तो या भाषेमुळे. याच भाषेने त्या काळच्या सभ्य मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रसिद्धीनंतर महिन्याभरातच मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने पुस्तक असभ्य ठरवून बाहेर काढले. ट्वेन यावर हसला. या बंदीमुळे आपल्या पंचवीस हजार प्रती जास्त खपतील, असा त्याचा हिशेब होता.

पुढे आक्षेप घेणारे बदलले आणि आक्षेपही बदलला. १९५७ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने हे पुस्तक प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मान्य यादीतून वगळले. १९८२ साली व्हर्जिनिया राज्यात ज्या शाळेला मार्क ट्वेनचेच नाव दिलेले होते, त्याच शाळेतील एका काळ्या अधिकाऱ्याने ते वर्गातून काढावे अशी शिफारस केली. आता प्रश्न हकच्या व्याकरणाचा नव्हता. काळ्या माणसासाठी वापरला जाणारा एक हिणकस शब्द या पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो. तो शब्द आम्ही येथे छापणार नाही. त्याला मराठीत नेमका प्रतिशब्दही नाही. 'हबशी' म्हणावे तर आपल्या डोळ्यांपुढे मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी उभे राहतात, आणि त्यांच्यापुढे भल्याभल्यांना नमते घ्यावे लागले होते. त्यातल्या त्यात जवळचा शब्द गोव्यात सापडेल. पोर्तुगीज अमदानीत येथे आफ्रिकेतून गुलाम आणले जात. त्यांच्यासाठी रूढ झालेला 'खापरी' हा शब्द रंगाने काळ्या पोराला चिडविण्यासाठी आपल्या बोलीत कोणी वापरला, तर त्या पोराचा चेहरा कसा होतो, तेवढे आठवावे.

या पुस्तकाचा हेतू वंशद्वेषी आहे काय? मुळीच नाही. हकने पंधराव्या प्रकरणात धुक्यात चुकामूक झालेल्या जिमची थट्टा केली. हक हरवला या कल्पनेने रडवेला झालेला जिम त्याला सुनावतो की, माणसाच्या जिवाभावाच्या भावनेची अशी टर उडविणारा तो केरकचराच. मग हा गोरा पोरगा मन घट्ट करण्यात पाव तास घालवतो आणि गुलामापुढे जाऊन माफी मागतो. पळालेल्या गुलामांच्या शोधात आलेल्या माणसांना तो आपल्या तराफ्यावर देवीचा रोगी असल्याची शंका येऊ देतो आणि परतवून लावतो. एकतिसाव्या प्रकरणात तो जिमचा ठावठिकाणा मालकिणीला कळविणारे पत्र लिहितो. ते लिहिल्यावर त्याला पापमुक्त झाल्यासारखे वाटते. आणि मग जिमची आठवण येऊन तो ते पत्र फाडून टाकतो. गुलामाला मदत करणे म्हणजे चोरी, आणि चोरीचे फळ नरक, हे त्याला चर्चमध्ये आणि घरात शिकविलेले आहे. तो नरक पत्करतो. ज्या समाजात सदसद्विवेकबुद्धीच किडलेली आहे, तेथे चांगल्या माणसाला आपण पापी आहोत असेच वाटणार, हे इतक्या साध्या प्रसंगातून दुसऱ्या कोणी दाखविल्याचे आम्हांस आठवत नाही.

पण हे सारे कळावयास उपरोध कळावा लागतो, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो आपोआप कळत नाही. याच पुस्तकात एक बाई आगबोटीतील स्फोटात कोणाला इजा झाली का, असे हकला विचारते. तो म्हणतो, नाही, एक काळा तेवढा मेला. ती म्हणते, बरे झाले, नाहीतर कधी कधी माणसांना इजा होते. येथे लेखकाचा आसूड कोणावर पडतो आहे, हे शिक्षकाने थांबून समजावून दिले नाही तर मागच्या बाकावरची मुले नुसती हसतात. आणि वर्गात एकच काळी मुलगी असेल, तर त्या हसण्याच्या वेळी तिने कोठे पाहावे? ते पुस्तक थोर आहे, हे तिला त्या क्षणी सांगणे व्यर्थ आहे. शेवटची प्रकरणे तर अधिकच अडचणीची. मालकिणीने मृत्युपत्राने जिमला मुक्त केले आहे हे ठाऊक असूनही टॉम सॉयर केवळ साहसकथेची हौस म्हणून त्याला कोंडवाड्यात खितपत ठेवतो, आणि तराफ्यावर माणूस म्हणून उभा राहिलेला जिम पुन्हा पोरांच्या खेळातले बाहुले होतो. हा दोष ट्वेनचा. तो शिक्षकांनी झाकू नये.

यावर दोन सोपे उपाय सुचविले जातात. एक, पुस्तक काढून टाका. दुसरा, शब्द बदला. २०११ साली अलाबामातील एका प्रकाशनसंस्थेने त्या शब्दाच्या जागी सर्वत्र 'गुलाम' असा शब्द घालून नवी आवृत्ती काढली. संपादकाचा हेतू चांगला होता. परंतु जिम पुढे कायद्याने मुक्त होतो, गुलाम राहत नाही, तरी त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या तोंडचा तो शब्द सुटत नाही. अन्याय नेमका तेथे आहे. शब्द पुसला की पुरावाही पुसला जातो. आमच्या मते पुस्तक ठेवावे, त्यातील एकही शब्द बदलू नये, पण तो शब्द कोणाही मुलाकडून मोठ्याने वाचवून घेऊ नये. आणि हे पुस्तक एकटे शिकवू नये. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली लिहिलेले आत्मचरित्र त्याच्या शेजारी ठेवावे, म्हणजे गुलामाची बाजू गोऱ्या पोराच्या तोंडून ऐकण्याची वेळ येणार नाही.

१९९८ साली या वादात एका अपील न्यायालयाने दिलेला निकाल आम्हांस विचारी वाटतो. अ‍ॅरिझोना राज्यातील एका शाळेत नवव्या इयत्तेच्या इंग्रजीच्या तासाला ही कादंबरी नेमलेली होती. ती वाचावयास लागल्यापासून वर्गातील गोऱ्या मुलांकडून होणारी शिवीगाळ वाढली आणि शाळेने तिकडे काणाडोळा केला, अशी एका काळ्या मुलीच्या आईची फिर्याद होती. न्यायालयाने म्हटले की, एखादी साहित्यकृती अभ्यासाला लावली एवढ्यावरून शाळेवर भेदभावाचा ठपका ठेवता येणार नाही, कारण ती वाचण्याचा हक्क इतर विद्यार्थ्यांनाही आहे. मात्र छळाची तक्रार येऊनही शाळा स्वस्थ बसली असेल, तर त्याचा जाब तिला द्यावा लागेल. पुस्तकाची चौकशी न करता वर्गाची चौकशी करा, असा याचा अर्थ. त्या आईला असहिष्णू ठरवून मोकळे होणाऱ्या साहित्यप्रेमींनी तो निकाल जरूर पाहावा.

हा अमेरिकेचा घरगुती प्रश्न, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु खुद्द ट्वेनला ते तसे वाटले नव्हते. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस आला. उतरला त्या हॉटेलात, काही किरकोळ चुकीसाठी, एका जर्मन गृहस्थाने एका देशी नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने ते मुकाट्याने सोसले. ते पाहताच साठीचा ट्वेन क्षणार्धात मिझुरीतल्या आपल्या बालपणात जाऊन पोहोचला. आपले वडील एरवी सौम्य, पण घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी मारत. आणि एका माणसाने रागाच्या भरात गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून त्याचा जीव घेतला, ते आपण लहानपणी डोळ्यांनी पाहिले, असे त्याने या प्रवासाच्या वर्णनात लिहून ठेवले आहे. सर्वांना ते निर्दय वाटले, पण मालकाला तसा अधिकारच नाही, असे कोणाच्या मनात आले नाही. मुंबईच्या एका थपडेने त्याला हे सारे आठवले. त्यापूर्वी तेवीस वर्षे, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. त्यांनाही हा प्रश्न परका वाटला नव्हता. आपल्या वर्गांत जातीवाचक म्हणी आणि जातींच्या नावांच्या शिव्या अजून ऐकू येतात, तेव्हा कोणत्या बाकावरचे मूल खाली पाहते, हे किती शिक्षकांच्या ध्यानात येते?

या वादाला अलीकडे एक उत्तर साहित्यातूनच मिळाले आहे. पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने २०२४ साली 'जेम्स' ही कादंबरी लिहून हकची कथा जिमच्या तोंडून सांगितली. त्याच वर्षी तिला नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. या पुस्तकातले गुलाम आपापसांत शुद्ध, सफाईदार इंग्रजी बोलतात आणि गोरा माणूस जवळ आला की मोडकी भाषा पांघरतात. आपल्या मुलांना ते ही भाषा मुद्दाम शिकवितात, कारण तीवर त्यांचा जीव अवलंबून असतो. जिमला येथे लिहिता-वाचता येते. त्याला एक पेन्सिल हवी असते. एक गुलाम ती त्याच्यासाठी मालकाकडून चोरून आणतो, आणि त्या पेन्सिलीपायी त्याला जीव गमवावा लागतो.