चाकावरचा खुंटा

जून महिन्यातली गोष्ट. पाऊस नुकता लागला होता. चहाचा दुसरा कप घेऊन मी वर्तमानपत्र उघडत होतो, तोच वेलदूरहून फोन आला.

‘साहेब, भोसरीत स्टिअरिंगचा नॉब मिळतो बघा, फोर्कलिफ्टला असतो तसला. एक घेऊन ठेवाल का? इकडे ट्रॅक्टरवाल्यांकडे आहे, पण तो नुसता शोभेचा. मला बोटीला बसवायचाय.’

फोन तांडेलाचा होता. हे त्याचे खरे नाव नव्हे. गुहागर तालुक्यातल्या वेलदूरच्या मच्छीमार घरातला हा माणूस चाकणच्या एका कारखान्यात वीसहून अधिक वर्षे फोर्कलिफ्ट चालवीत होता. समुद्रावरून आलेला म्हणून शेडमधली माणसे त्याला तांडेल म्हणू लागली आणि हजेरीपटावरचे नाव मागे पडले. आता नोकरी सोडून तो गावी गेला आहे आणि धाकट्या भावाच्या बोटीवर असतो.

हा नॉब तुम्ही पाहिला असेल, पण त्याच्याकडे लक्ष दिले नसेल. स्टिअरिंगच्या कडेवर अळंबीच्या आकाराची एक मूठ असते. खाली चाकाची कड आवळून धरणारा क्लँप आणि वर स्वतःभोवती फिरणारा गोळा, एवढाच त्याचा संसार. ज्यांच्या घरी जाते होते त्यांना तर तो समजावून सांगायलाच नको. जात्याच्या वरच्या दगडाला कडेजवळ लाकडी खुंटा असतो. तो कडेला असतो म्हणूनच एवढा जड दगड आमच्या आजीच्या एका हाताने गरगर फिरे आणि दुसरा हात दाणे टाकायला मोकळा राही. नॉब म्हणजे चाकावरचा खुंटाच. फरक इतकाच की खुंटा जागचा फिरत नाही, हात त्याच्याभोवती सरकतो. नॉबचा गोळा हाताबरोबर फिरतो, म्हणून मनगटाला पीळ बसत नाही.

चाकणला फोर्कलिफ्टवर तो का लागतो, हे तांडेलानेच मला एकदा समजावले होते. फोर्कलिफ्टची वळतात ती मागची चाके, पुढची नव्हेत. त्यामुळे दोन रॅकमधल्या बोळातही ती जवळजवळ जागच्या जागी फिरते, पण त्यासाठी स्टिअरिंगचे भराभर फेरे मारावे लागतात. त्याच वेळी उजवा हात माल वर-खाली करणाऱ्या दांड्यांवर गुंतलेला असतो. म्हणजे सारे वळणे डाव्या हाताच्या वाट्याला. नॉब नसेल तर डावा हात चाकावर धर-सोड करीत राहील आणि टनभर माल डोक्यावर झुलत राहील.

तांडेलाला हे काम जमले त्याला आणखी एक कारण होते. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच आहेत. दांडी पुढे-मागे ढकलायला तळहात पुरतो. बाकीचे काम डाव्या हाताचे, आणि डावा हात नॉबवर.

आता मला थोडे मागे जायला हवे.

१९९४ साली मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज, आणि त्यांना लागणारे सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान शेड्स. या शेड्सना आम्ही यंत्रांच्या तारणावर कर्ज देत असू आणि वरचेवर तपासणीला जात असू. तपासणी म्हणजे यंत्रे मोजायची, नंबर ताडून पाहायचे, चालू आहेत ना एवढे बघायचे. अशाच एका शेडमध्ये मी पॉवर प्रेस पाहिला. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेस खाली आला की भाग तयार. असा प्रेस चालवायला दोन बटणे असतात आणि ती मुद्दाम एकमेकांपासून लांब बसवलेली असतात. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे त्या क्षणी माणसाचे दोन्ही हात बटणांवर असणार, डायमध्ये नसणार, हा त्यातला हेतू. मी पाहिलेल्या प्रेसच्या एका बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. ते बटण कायमचे दाबलेले. चालवणारा पोरगा एका हाताने तुकडा ठेवीत होता आणि दुसऱ्याने उरलेले बटण दाबीत होता. काम झपाट्याने होत होते.

पाचर मी पाहिली. ती कशासाठी आहे हेही मला समजले, कारण मी विचारले आणि मालकाने हसून सांगितले. परत येऊन मी अहवालात लिहिले, ‘यंत्रे चालू स्थितीत.’ त्यात खोटे काहीच नव्हते.

आठ महिन्यांनी काउंटरवरून एक पैसे काढण्याची स्लिप माझ्या टेबलावर आली. सही जुळत नाही, असा क्लार्कचा शेरा होता. नमुना सहीच्या कार्डावर ठसठशीत अक्षर, आणि स्लिपवर पहिलीतल्या मुलाने गिरवावे तसे काहीतरी. मी कडक आवाजात खातेदाराला आत बोलावले. तो आत आला तेव्हा उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होते. ‘डाव्या हातानं केलीय साहेब,’ तो म्हणाला. तोच पोरगा होता. मी नवे कार्ड काढले आणि त्याने डाव्या हाताने तीन वेळा सही केली. तिसरी पहिलीपेक्षा बरी होती. तेव्हापासूनची आमची ओळख. कामगार विम्याचे कागद भरून देणे, पुढे चाकणला फोर्कलिफ्टच्या कामासाठी एकाला शब्द टाकणे, अशी जी काही मदत मी केली तिला तो उपकार मानत आला. पाचरीबद्दल मी त्याला कधी काही बोललो नव्हतो.

तर नॉब. भोसरीच्या दुकानात तो चटकन मिळाला, पण क्लँप साध्या लोखंडाचा होता. खाऱ्या हवेत तो एक पावसाळाही काढला नसता. ओळखीच्या एका टर्नरकडे गेलो. ‘३१६ नंबरच्या स्टेनलेसमध्ये करू या,’ तो म्हणाला. त्यात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मिठापुढे ते नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकते. मग त्याला चाकाच्या कडेची जाडी हवी होती. वेलदूरला कॅलिपर कुठला! मी फोनवर तांडेलाला सांगितले, कडेभोवती दोरा गुंडाळ आणि तो पट्टीवर मोज. ८८ मिलिमीटर भरला. ३.१४ ने भागले, जाडी २८ मिलिमीटर. टर्नरने लेथवर क्लँपचे दोन अर्धे काढले, आत रबराच्या पातळ पट्टीपुरती जागा ठेवून. तांडेलाची आणखी एक मागणी होती: गोळा खटका दाबून काढता आला पाहिजे. ही मागणी मला तेव्हा लहरीपणाची वाटली.

नारळी पौर्णिमा झाल्यावर मी स्वतःच तो घेऊन निघालो. दापोलीवरून दाभोळला उतरलो आणि फेरीबोटीने गाडीसकट धोपाव्याला गेलो. तिथून वेलदूर जवळच.

बोटीच्या केबिनमध्ये शिरल्यावर तांडेलाने नॉबला हात लावण्याआधी चाक एका बाजूला पूर्ण फिरवले आणि सोडून दिले. चाक होते तिथेच राहिले. ‘हे आधी बघायचं,’ तो म्हणाला. मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप जागेवर येते. ते जोरात उलटे फिरताना नॉबही फिरतो आणि कोपरावर आपटतो, नाहीतर शर्टाची बाही पकडतो. म्हणून अमेरिकेत त्याला ‘सुइसाइड नॉब’ असे भयंकर नाव पडले. दुसरे नाव ‘ब्रोडी नॉब’. १८८६ साली ब्रुकलिनच्या पुलावरून उडी मारून जिवंत राहिल्याचा दावा करणाऱ्या स्टीव्ह ब्रोडीवरून. बोटीतही साखळीने किंवा तारेने जोडलेले जुने सुकाणू असेल तर लाटेचा तडाखा थेट चाकापर्यंत येतो आणि चाक हाताला हिसका देते. या बोटीला हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे. चाकामागच्या पंपातल्या झडपा तेलाला उलटे येऊ देत नाहीत, म्हणून लाटेचा धक्का चाकापर्यंत पोचत नाही.

मग जागा ठरली. सुकाणू सरळ ठेवून तो नेहमीसारखा उभा राहिला आणि डावा हात सहज जिथे पडला तिथे खडूने खूण केली. चाक दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून मूठ गुडघ्याला, खिडकीला, कशालाही लागत नाही ना ते पाहिले. एकूण पाच फेरे भरले. रबराची पट्टी, दोन अर्धे, चार बोल्ट. एक बोल्ट एकदम आवळायचा नाही, आलटून-पालटून थोडा थोडा. हे सारे तो अंगठा, करंगळी आणि डावा हात यांनी करीत होता आणि मी पाने हातात देत होतो. भाऊ म्हणाला, ‘बरं झालं, आता मूठ वर असली की सुकाणू सरळ, अंधारातही कळेल.’ तांडेलाने मान हलवली. हायड्रॉलिकमध्ये तेल थोडेथोडे सरकते, मुठीची जागा रोज बदलत जाते. तिच्यावर विसंबून राहायचे नाही.

दुपारच्या भरतीला आम्ही खाडीबाहेर गेलो. पाणी मोकळे झाल्यावर त्याने खटका दाबला, गोळा काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. ‘वेगात असताना चाक एवढं हलकं नको. हात चुकून लागला तरी बोट आडवी होईल. मूठ धक्क्याला लागताना.’ त्याची मागणी तेव्हा मला कळली.

भाऊ पुढे जाळ्यापाशी होता. केबिनमध्ये आम्ही दोघेच. मी त्याला पाचरीबद्दल सांगितले: मी ती पाहिली होती, आणि अहवालात काय लिहिले तेही.

तो बराच वेळ समोर बघत होता. मग म्हणाला, ‘ती पाचर मीच तासली होती साहेब. गावाकडच्या फणसाच्या लाकडाची. नगावर पैसे होते ना. मालकाने बघितलं, सुपरवायझरनं बघितलं, तुम्ही पण बघितलंत होय?’ शेवटचे वाक्य त्याने विचारले की नुसते म्हटले, मला कळले नाही. मी हो म्हणालो. त्याने इंजिनचा आवाज थोडा कमी केला.

परतताना ओहोटी लागली होती आणि खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर ओढत होते. धक्क्यावर आधीच दोन बोटी होत्या, त्यांच्यामधली जागा जेमतेम. त्याने खिशातून गोळा काढला, खाचेत दाबला, खटका वाजल्याची खात्री केली. डावा हात मुठीवर, उजवा तळहात गिअरच्या दांडीवर. थोडे पुढे, न्यूट्रल, चाक दीड फेरा डावीकडे, थोडे मागे, चाक पुन्हा उजवीकडे. त्याचे लक्ष चाकाकडे नव्हतेच, ते पाण्याकडे आणि धक्क्याच्या टायरांकडे होते. बोट टायरला टेकली तेव्हा माझ्या हातातला चहा डचमळला नाही.

‘दोर टाका साहेब,’ तो म्हणाला. मी टाकलेला दोर पाण्यात पडला. भावाने तो ओढून घेतला आणि नीट टाकला.