देणारा, घेणारा आणि दोन इंग्रजी क्रियापदे

इंग्रजी नव्याने शिकणारे मूल ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ या दोन क्रियापदांपाशी हटकून अडखळते. शेजारच्या बाकावरील मुलाकडे पेन्सिल मागताना ते ‘बॉरो मी युअर पेन्सिल’ असे म्हणते, आणि ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाविषयी ‘आय लेंट धिस बुक फ्रॉम द लायब्ररी’ असे लिहिते. शिक्षक वाक्याखाली तांबडी रेघ ओढतात, योग्य शब्द वर लिहून देतात, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा वहीत उतरते. मग मुलाला अर्थच कळला नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो बहुधा चुकीचा असतो. पेन्सिल कोणाची, ती कोणाच्या हाती गेली आणि कोणी परत करावयाची, याविषयी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनातही गोंधळ नसतो. परत न आलेल्या पेन्सिलीवरून वर्गात जी भांडणे होतात ती पाहिली, तर या बाबतीत मुलांचे भान प्रौढांहून काटेकोर असते असेच म्हणावे लागेल.

तेव्हा मुलाला कळलेले काय आणि न कळलेले काय, हे प्रथम वेगळे केले पाहिजे. त्यासाठी बंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगरातले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखल्या गेलेल्या या वसाहतीत नोकरी-व्यवसायानिमित्त निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. अशा घरातले मूल आईवडिलांशी मराठीत बोलते, खेळताना कन्नड आणि हिंदी ऐकते आणि शाळेत इंग्रजी शिकते. आई त्याला सांगते, ‘शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आण.’ येथे ‘उसनी’ हा शब्द व्यवहाराचे स्वरूप सांगतो, आणि वस्तू कोणत्या दिशेने चालली आहे हे सांगण्याचे काम क्रियापद करते. उसने देणे, उसने घेणे. हिंदीत उधार देना, उधार लेना. कन्नडमध्ये कर्जाला ‘साल’ म्हणतात. तेथेही ‘साल कोडु’ म्हणजे कर्ज दे आणि ‘साल तगो’ म्हणजे कर्ज घे. कन्नड ही द्राविडी कुळातील भाषा, मराठी आणि हिंदी या आर्यकुळातील. तरीही या एका बाबतीत तिन्हींची घडण सारखी आहे. परतफेडीची अट एका शब्दात, दिशा दुसऱ्यात.

इंग्रजीने मात्र दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात कोंबल्या आहेत. ‘लेंड’ म्हणजे परतीच्या बोलीवर देणे, ‘बॉरो’ म्हणजे परतीच्या बोलीवर घेणे. ‘उसने देणे’ आणि ‘उसने घेणे’ यांत ‘उसने’ हा समान भाग कानाला ऐकू येतो. त्यामुळे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांत ध्वनीचे असे कोणतेच साम्य नाही. मूल त्यांतील एका शब्दाला ‘उसने’ या भागाशी जोडते आणि दिशेचे काम वाक्यातील इतर शब्दांवर सोपवते. ‘गिव्ह मी’ हा प्रयोग त्याच्या तोंडी आधीच बसलेला असतो. त्याच साच्यात ‘बॉरो मी’ तयार होते. ही चूक विचारहीन नव्हे. ती आपल्या भाषेच्या नियमाने केलेली रचना आहे.

ही चूक भारतीय मुलांची खास मालमत्ता आहे असेही नाही. जर्मन भाषेत ‘लाइहेन’ हे एकच क्रियापद दोन्ही दिशांना चालते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, जेथे जर्मन वसाहतकार मोठ्या संख्येने स्थायिक झाले, तेथे ‘बॉरो मी’ हा प्रयोग बोलीत ऐकू येतो. उत्तर इंग्लंडमधील मुले ‘कॅन आय लेंड युअर पेन’ असे सर्रास विचारतात. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांची ही स्थिती, तर इंदिरानगरातील मुलाला फार दोष देण्यात अर्थ नाही.

शब्दांच्या इतिहासाकडे पाहिले तर दोघांचे मूळ निरनिराळे आहे. ‘बॉरो’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील तारण किंवा हमी या अर्थाच्या शब्दापासून आला. म्हणजे घेणाऱ्याने काय बांधून ठेवले, हा त्याचा मूळ रोख. ‘लेंड’चे नाते ‘लोन’ या शब्दाशी आहे. त्याच्या शेवटी आज ऐकू येणारा ‘ड’ मुळात नव्हता. भूतकाळी रूपातला तो वर्ण पुढे मूळ धातूलाच चिकटून राहिला. मुलांना हे सांगण्याची गरज नाही. शिक्षकाला ठाऊक असलेले बरे.

याउलट मराठीतील भेद मुलांपुढे अवश्य मांडावेत, कारण ते मुलांना उपयोगी पडतात. मराठीत साखर, पीठ, पैसे उसने घेतले जातात. तीच वस्तू परत द्यावयाची नसते, तितकीच दुसरी द्यावयाची असते. किराणा दुकानातून माल आणून पैसे नंतर द्यावयाचे असतील तर ती उधारी. बँकेकडून घेतात ते कर्ज. शेजाऱ्यांची शिडी मात्र कोणी ‘उसनी’ घेत नाही. ती मागून आणली जाते, आणि तीच परत करावी लागते. पुस्तक वाचायला नेले जाते. यांपैकी साखर, पैसे, कर्ज, शिडी आणि पुस्तक या सर्वांसाठी इंग्रजीला ‘बॉरो’ पुरते. दुकानाच्या उधारीला मात्र ते चालत नाही, तेथे ‘क्रेडिट’ येते. शब्दकोशात ‘बॉरो : उसने घेणे’ एवढेच वाचलेल्या मुलाला पुस्तकासाठी हा शब्द सुचत नाही याचे कारण येथे सापडते. पुस्तक उसने घेण्याची वस्तू आहे असे त्याला वाटतच नाही.

शिवाय इंग्रजी सर्वत्र काटेकोर आणि मातृभाषा ढोबळ, असा समजही मुलांच्या मनात रुजू देऊ नये. भाड्याचा व्यवहार पाहावा. मराठीत भाड्याने देणे आणि भाड्याने घेणे यांत तिळमात्र संदिग्धता नाही. इंग्रजीत घरमालक आपला मजला ‘रेंट’ करतो आणि भाडेकरूही तोच मजला ‘रेंट’ करतो. कोण कोणत्या बाजूला आहे हे पुढच्यामागच्या शब्दांवरून ताडावे लागते. उसनवारीत इंग्रजीने दोन शब्द ठेवले आणि भाड्याच्या वेळी एकावर भागवले. भाषा तर्काने ठरवून घडवल्या जात नाहीत, हे मोठ्या मुलांना या एका उदाहरणावरून सहज पटते.

शिकवण्याची जुनी रीत नियम सांगून भाषांतर करवून घेण्याची होती. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचा पाया घातला. या पद्धतीचा एक मोठा गुण असा की ती मातृभाषेला वर्गाबाहेर उभी करत नाही. तिची उणीव अशी की नियम पाठ असूनही बोलण्याच्या क्षणी तो आठवतोच असे नाही. पेन्सिल हवी असते तेव्हा ती तत्काळ हवी असते.

बंगळुरू शहरानेच या प्रश्नाचा एक वेगळा विचार जगापुढे ठेवला. तेथील दक्षिण भारतासाठीची प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आणि ब्रिटिश कौन्सिलच्या सहकार्याने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने ओळखला जातो. व्याकरणाचे घटक क्रमाने शिकवण्याऐवजी मुलांना सोडवण्यासाठी कोडी आणि कामे दिली जात: रेल्वेचे वेळापत्रक वाचून योग्य गाडी निवडणे, नकाशावरून वाट शोधणे. मन अर्थात गुंतले की भाषेची रचना नकळत आत्मसात होते, ही त्यामागील कल्पना. चुका दुरुस्त केल्या जात, पण ओघात. काम थांबवून नव्हे. १९८७ मध्ये प्रभू यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रकल्पाचे मूल्यमापनही झाले. त्याचे निष्कर्ष प्रकल्पाला अनुकूल असले तरी सावधपणे मांडलेले होते, आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. केवळ कामे देऊन व्याकरण आपोआप येते काय, याविषयी आजही मतभेद आहेत. मात्र ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ हे व्यवहाराचेच शब्द असल्याने त्यांच्यासाठी ही रीत विशेष सोयीची आहे.

वर्गात एक लहानसे ग्रंथालय मांडावे. दहा-बारा पुस्तके, एक नोंदवही, तीत दोन रकाने: कोणी दिले, कोणी घेतले. दररोज एक मूल ग्रंथपाल होते. नोंदवहीवरून प्रश्न सोडवावयाचे: अमुक पुस्तक आता कोणाकडे आहे? एका मुलाने घेतलेले पुस्तक त्याने परस्पर मैत्रिणीला दिले असेल, तर ग्रंथपालाने कोणाकडे मागावे? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात हमखास वाद होतो, आणि वाद घालताना दोन्ही क्रियापदे लागतात, कारण मधले मूल एकाच वेळी घेणारेही असते आणि देणारेही. वाद मराठीत किंवा कन्नडमध्ये सुरू झाला तरी बिघडत नाही. नोंद इंग्रजीत झाली म्हणजे झाले.

एक पथ्य मात्र पाळावे. दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नयेत. विरोधी शब्दांच्या जोड्या एकत्र शिकवण्याची सवय शिक्षकांना असते. पण अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र दिले तर ते एकमेकांत मिसळतात, असे टिंकहॅम यांच्या १९९३ मधील आणि वेअरिंग यांच्या १९९७ मधील प्रयोगांत दिसून आले. म्हणून प्रथम ‘बॉरो’ घ्यावे. ते मुलाच्या गरजेचे आहे, ‘मे आय बॉरो’ हे विनंतीचे वाक्य रोज कामी येते, आणि ‘बॉरोड’ हे भूतकाळी रूपही नियमित आहे. ते काही आठवडे ‘फ्रॉम’सह पुरते रुळू द्यावे. मग ‘लेंड’ आणावे, आणि तेही ‘गिव्ह’च्या शेजारी बसवून: ‘गिव्ह मी’ तसे ‘लेंड मी’, ‘गिव्ह टू’ तसे ‘लेंड टू’. जो साचा मुलाला आधी चकवत होता तोच आता योग्य शब्दाच्या मदतीला येतो. ‘लेंट’ हे रूप तेवढे निराळे पाठ करावे लागते.

परीक्षेतील प्रश्नांबाबतही थोडी दक्षता हवी. रिकाम्या जागा भरण्यासाठी ‘ही … अ बुक’ एवढेच वाक्य दिले, तर ‘लेंट’ आणि ‘बॉरोड’ ही दोन्ही उत्तरे व्याकरणदृष्ट्या बरोबर ठरू शकतात. अशा प्रश्नावर गुण कापणे अन्यायाचे आहे. वाक्यात ‘मी’ किंवा ‘फ्रॉम हिज फ्रेंड’ असले तरच उत्तर एक राहते. त्याहून चांगला प्रश्न म्हणजे नोंदवहीचे एक पान छापून द्यावे आणि त्यातील एकच नोंद मुलाकडून दोनदा लिहून घ्यावी: एकदा देणाऱ्याच्या नावाने सुरू होणारे वाक्य, एकदा घेणाऱ्याच्या.